किस्तात बैठका, पाच संध्याकाळी आणि एक शनिवार: स्टॉकहोममध्ये काय पाहावं, काय खावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका कंपनीच्या इंजिनिअर बाई नोव्हेंबरच्या मध्यात आपल्या साहेबांबरोबर स्टॉकहोमला निघाल्या आहेत. सोमवार ते शुक्रवार किस्ता भागातल्या ऑफिसात बैठका, शनिवार पूर्ण मोकळा, रविवारी दुपारी परतीचं विमान. बाई मासे-चिकन खातात. साहेब शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. फिरायला वेळ मिळेल का, आणि जेवणाचं काय करायचं, असं त्या विचारतात.

माझी नोकरीची बरीच वर्षं या शहरात गेली आणि पुण्याहून येणाऱ्या सहकाऱ्यांना फिरवण्याचं काम आपोआप माझ्याच गळ्यात पडत आलं. तेव्हा सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: दिवसाचं मुख्य जेवण दुपारी करा आणि संध्याकाळ फिरण्यासाठी ठेवा. आपली मंडळी नेमकं उलट करतात. दुपारी बैठकीच्या गडबडीत एक सँडविच खातात, सहाला हॉटेलवर येऊन आडवी होतात आणि नऊ वाजता जेवायला बाहेर पडतात. स्वीडिश माणूस सहा-साडेसहाला जेवतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी नऊनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात आणि उघडं असतं तिथे दुपारच्या दुप्पट-अडीचपट पैसे पडतात. मग पाच दिवस पिझ्झा आणि बर्गर, आणि परत आल्यावर 'स्वीडनमध्ये खायला काही मिळत नाही' हे ठरलेलं वाक्य.

हॉटेल अजून ठरलं नसेल तर ऑफिसच्या शेजारी घेऊ नका. किस्ता हा कंपन्यांचा भाग आहे. एरिक्सनचं मुख्यालय तिथेच आहे, मॉल आहे, आपल्याकडची आयटीतली पुष्कळ मंडळी तिथे राहतात. पण संध्याकाळी सहानंतर पाहुण्याला तिथे करण्यासारखं फारसं काही उरत नाही. मध्यवर्ती स्टेशनाच्या आसपास किंवा फ्रीदहेम्सप्लानजवळ राहा. तिथून मेट्रोची निळी लाईन तुम्हाला साधारण वीस मिनिटांत ऑफिसला पोहोचवते. गाडीतली घोषणा मात्र 'शिस्ता' अशी ऐकू येईल. उच्चार तोच आहे, स्टेशन चुकलं असं वाटून दचकू नका. मीही पुढे शिस्ताच म्हणतो.

हा रोजचा प्रवास हेच तुमचं पहिलं पर्यटन आहे. स्टॉकहोमच्या मेट्रोला जगातलं सर्वांत लांब कलादालन म्हणतात. शंभर स्टेशनांपैकी नव्वदच्या वर स्टेशनांत कलाकृती आहेत. लोक त्या पाहायला मुद्दाम सहलीला जातात आणि त्यातली उत्तमातली बरीचशी स्टेशनं नेमकी तुमच्या ११ नंबरच्या मार्गावर आहेत. टे-सेंत्रालेनला, म्हणजे मध्यवर्ती मेट्रो स्टेशनात, निळ्या लाईनचा फलाट खोल खडकात आहे. पांढऱ्या छतावर निळ्या वेली चढलेल्या आणि एका बाजूला ते स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्याच सावल्या रंगवलेल्या: सुतार, वेल्डर, खाणकामगार. हे १९७५ सालचं काम. पुढे रोदहुसेतला गेरूच्या रंगाची गुहाच आहे. सोल्ना सेंत्रुमला छत लालभडक आणि खाली हिरव्या झाडांची लांबच लांब रांग. जरा थांबून पाहिलंत तर त्या जंगलात गावं ओसाड पडत चालल्याची, जंगलतोडीची, प्रदूषणाची चित्रं दिसतील. सत्तरच्या दशकातला स्वीडनमधला वाद त्या भिंतीवर आहे. एका तिकिटावर ७५ मिनिटं कितीही चढ-उतार करता येते, तेव्हा परतताना दोन ठिकाणी उतरा, पाहा, मागची गाडी पकडा. शेवटचं टोक कुंग्सत्रेगोर्डेन. तिथे जुन्या राजवाड्याच्या पडलेल्या अवशेषांतले दगडी मुखवटे आणि खांब भूमिगत बागेसारखे मांडले आहेत.

शिस्ताच्या अलीकडे, हालोनबेरियेन सोडल्यावर, डोळे उघडे ठेवा. झाडीत एक अर्धवट काँक्रीटचं स्टेशन झपकन मागे जातं. ते शिमलिंगे. बांधायला घेतलं, पण आसपास वस्ती झालीच नाही, म्हणून कधी सुरूच केलं नाही. तिथे फक्त मेलेली माणसं उतरतात, असं स्टॉकहोमकर म्हणतात. सकाळच्या अंधारात, शेजारचा सहप्रवासी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असताना, हे पाहायला मजा येते.

तिकिटाचं म्हणाल तर फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. पण त्याने प्रत्येक वेळी सुटं तिकीट कापलं जातं. रोज ऑफिसला जाऊन-येऊन संध्याकाळीही फिरणार असाल तर एसएल या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या अ‍ॅपवर सात दिवसांचा पास काढा. तो मेट्रो, बस, ट्राम आणि लोकल, सगळ्याला चालतो. त्यावर बोटसुद्धा चालते, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता दुपारचं जेवण. अकरा ते दीडच्या दरम्यान जवळपास प्रत्येक रेस्टॉरंट 'दागेन्स लुंच' म्हणजे त्या दिवसाचं जेवण लावतं. दोन-तीन पदार्थांतून एक निवडायचा. त्याच पैशांत सॅलड, ब्रेड-लोणी, पाणी आणि शेवटी कॉफी. सध्या साधारण दीडशे क्रोनरच्या आसपास पडतं. हेच ताट रात्री मेन्यूकार्डावरून मागवलं तर तीनशेच्या पुढे जातं आणि त्यात कॉफी नसते. साडेअकराला जा. बाराला रांग लागते आणि एकनंतर चांगले पदार्थ संपलेले असतात. ऑफिसच्या कँटीनलाही हाच नियम.

साहेबांसाठी: स्वीडनमध्ये शाकाहारी असणं अजिबात अवघड राहिलेलं नाही. दागेन्समध्ये एक पदार्थ बहुधा 'वेगेतारिस्क' असतो. पण अंडं नको असेल तर 'वेगेतारिस्क' पुरेसं नाही. 'वेगान्स्क' विचारा, म्हणजे अंडं जातंच, सोबत दूधही जातं. दूध चालतं पण अंडं नको, हे नीट वाक्यात सांगा. इंग्रजी सगळ्यांना येतं आणि अ‍ॅलर्जी-पथ्याचे प्रश्न इथे कुणी उडवून लावत नाही, वेटर आत जाऊन विचारून येतो. उलट 'थोडंसं असलं तर चालेल' असं बोललात तर त्यालाच गोंधळायला होतं. गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, तेही विचारून घ्या.

तुमच्यासाठी चार शब्द पाठ करण्याजोगे: 'शिक्लिंग' म्हणजे चिकन, 'फ्लेस्क' डुकराचं, 'नोत' गाईचं, 'लाम' मेंढीचं. प्रसिद्ध मीटबॉल बहुतेक ठिकाणी गाय आणि डुक्कर यांच्या मिश्र खिम्याचे असतात, तेव्हा ते चालत नसेल तर तिकडे वळू नका. सोबतचा मॅश, लाल लिंगोनबेरी आणि काकडीचं आंबटगोड लोणचं दुसऱ्या पदार्थांबरोबरही मिळतं. ज्यांना चालतं त्यांनी सोदरमाल्म बेटावरच्या पेलिकान या जुन्या बिअर-हॉलमध्ये खावेत. उंच छत, लाकडी भिंती आणि पर्यटकांइतकेच स्थानिक लोक.

गुरुवारी कँटीनमध्ये वाटाण्याचं पिवळं घट्ट सूप आणि नंतर पॅनकेक दिसतील. ही शतकांची प्रथा आहे. सैन्यातही गुरुवारी हेच. १५७७ साली कैदेतल्या चौदाव्या एरिक राजाला वाटाण्याच्या सुपातूनच विष दिलं असं सांगतात, आणि १९५८ मध्ये थडगं उघडलं तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडलंही. सुपात डुकराचे तुकडे असतात, म्हणून साहेबांनी आधी विचारावं. शाकाहारी भांडं बऱ्याचदा वेगळं असतं. पिवळी मोहरी घालून खा. आपल्या जिभेला हे सूप चटकन ओळखीचं वाटतं. पॅनकेकमध्ये अंडं असतं, ते साहेबांना नाही.

हॉटेलचा नाश्ता वाया घालवू नका, तो भरपूर असतो. ओटची गरम पेज, उकडलेली अंडी, क्नेकेब्रोद हा राय (rye) या धान्याचा कडक कुरकुरीत ब्रेड, चीज आणि फीलम्योल्क. हे फीलम्योल्क ताकापेक्षा दाट, दह्यापेक्षा पातळ, आंबूस असतं; साखर नको असेल तर चिमूटभर मीठ टाकून प्या, पोटाला बरं पडतं. निळ्या ट्यूबमधली गुलाबी पेस्ट ही माशांच्या अंड्यांची असते, टूथपेस्टसारखी दिसते म्हणून कुतूहलाने ब्रेडवर पिळू नका, निदान साहेबांच्या तरी नको. चीजवर सपाट किसणी फिरवायची ती पूर्ण लांबीभर. मध्येच खड्डा पाडलात तर कुणी बोलणार नाही, पण पाहतील सगळे.

सकाळी साडेनऊच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास ऑफिसात माणसं उठून कॉफीला जातात. ही 'फीका'. 'माझं काम आहे, तुम्ही जा' असं म्हणू नका. बैठकीत गप्प बसलेला माणूस तिथे सांगतो की तुमच्या प्रस्तावात त्याला नेमकं काय खटकलंय. बाहेर फीका करायची तर दालचिनीच्या बनपेक्षा वेलदोड्याचा 'कार्देमुमाबुले' घ्या. वेलची जाडसर कुटून सढळ हाताने घातलेली असते, दाताखाली येते. श्रीखंडात वेलची मोजून घालणाऱ्यांनी ती एकदा चाखून पाहावी. कुंग्सगातानवरचं वेते-काटेन हे १९२८ पासूनचं कॅफे त्यासाठी चांगलं: एकात एक खोल्या, जुन्या खुर्च्या, शनिवारी मात्र गर्दी. बनमध्ये अंडं असतं की नाही हे बेकरीगणिक बदलतं.

संध्याकाळींकडे वळतो. नोव्हेंबरच्या मध्यात साडेसातला उजाडतं आणि साडेतीनच्या आत सूर्य मावळतो. तुम्ही ऑफिसातून निघाल तेव्हा काळोख झालेला असेल. पाऊस किंवा ओला बर्फ, मधूनच वारा. म्हणून आठवड्यात आत बसून पाहण्याच्या जागा आणि उजेडात पाहायचं ते सगळं शनिवारी, अशी विभागणी करा.

बुधवारची संध्याकाळ वासा संग्रहालयासाठी राखून ठेवा. हिवाळी वेळापत्रकात इतर दिवशी ते पाचलाच बंद होतं, बुधवारी मात्र रात्री आठपर्यंत उघडं असतं. निघण्याआधी वेळ एकदा तपासून घ्या. शिस्ताहून टे-सेंत्रालेन, तिथून ७ नंबरची ट्राम यूरगोर्डेन बेटावर नेते. साडेपाचला पोहोचलात तर अडीच तास मिळतात आणि दुपारच्या झुंडी गेलेल्या असतात.

एकच गोष्ट पाहून परत यायचं असेल तर ती हीच. १० ऑगस्ट १६२८ ला राजा दुसरा गुस्ताव अडोल्फ याची ही नवीकोरी युद्धनौका, ६४ तोफा, पहिल्याच सफरीवर निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बंदरातच, लोकांच्या डोळ्यांदेखत कलंडून बुडाली. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये ती अखंड वर काढली. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, म्हणून लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही. त्यामुळे आज उभी आहे त्यातलं बहुतेक सगळं लाकूड मूळचं आहे. पुढे सतरा वर्षं तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारत होते, कारण नुसती वाळवली असती तर तडकून आकसली असती.

पण तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून शिल्पांवर भाळून न जाता वरचा तोफांचा मजला बघा. जहाज वर जड झालं होतं. निघण्याआधी धक्क्यावर चाचणी झाली. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं, जहाज इतकं डुलायला लागलं की चाचणीच थांबवली. जहाज थांबवलं नाही, कारण राजा पोलंडच्या मोहिमेवरून घाई करत होता. मुख्य बांधकाम करणारा आदल्या वर्षीच वारलेला. चौकशी बसली, दोषी कुणीच ठरलं नाही. एका कपाटात कामगारांच्या मोजपट्ट्या ठेवल्या आहेत, त्या शोधून काढा: काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंची, काही आम्स्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. एकाच जहाजावर दोन मापं चालू होती. माझ्याबरोबर आलेले प्रोजेक्टवाले लोक या कपाटापुढे हमखास जोरात हसतात आणि मग जरा वेळ गप्प होतात.

बाकीच्या संध्याकाळींपैकी एक फोटोग्राफिस्काला द्या. स्लुसेनजवळ पाण्याकाठी जुन्या जकातघरात, विटांच्या इमारतीत २०१० पासून हे छायाचित्रांचं दालन आहे आणि रात्री अकरापर्यंत उघडं असतं, म्हणजे काम करणाऱ्यांसाठीच. प्रदर्शनं बदलत राहतात; आवडेलच असं नाही. वरच्या मजल्यावरच्या कॅफेच्या काचेतून मात्र पलीकडचं जुनं शहर, यूरगोर्डेनचे दिवे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी दिसतात, तेवढ्यासाठीही जावं. त्याच्याच वरच्या कड्यावर, फ्येलगातान रस्त्यावर हेर्मान्स हे संपूर्ण वनस्पतीजन्य बुफेचं रेस्टॉरंट आहे. साहेबांना तिथे एकही प्रश्न न विचारता ताट भरता येईल. आठवड्यातलं एक रात्रीचं जेवण बाहेर करायचं तर ते इथे करा, आणि लवकर करा.

उरलेल्या रात्री हलकं खा. स्वीडनमध्ये फलाफल गल्लोगल्ली मिळतं, ताजं आणि स्वस्त, साहेबांचा प्रश्न मिटतो. स्लुसेनला तळलेल्या ताज्या स्त्रोमिंगची गाडी असते. हा बाल्टिकमधला छोटा हेरिंग, रायच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेला, कडक ब्रेडवर कांदा आणि काकडीबरोबर देतात. तुम्हाला मासे आवडतात, तेव्हा थंडीत उभ्याने एकदा खाच. जरा नीट बसून मासे खायचे तर एस्तेरमाल्म भागातला सालुहाल, १८८८ सालचा विटांचा बाजार. तिथे लिसा एल्मक्विस्टकडे माशांचं सूप किंवा टोस्ट स्कागेन, म्हणजे मेयोनेज-शेपूमधली कोळंबी टोस्टवर. स्वस्त नाही. भारतीय रेस्टॉरंट पुष्कळ आहेत आणि दुपारचा बुफे बरा असतो. पण चवी उत्तरेकडच्या आणि तिखट सौम्य. आजारी पडल्यासारखं वाटलं तर जा, एरवी पाच दिवसांत गरज नाही.

ऑफिसच्या मंडळींनी रोज संध्याकाळी तुम्हाला जेवायला नेलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. चार-साडेचारला बरेच जण मुलांना पाळणाघरातून आणायला निघतात, त्यात पुरुषही तितकेच. हा अनादर नाही. एक औपचारिक जेवण ठरेल, बहुधा मंगळवार-बुधवार. तेवढं एक बुधवार सोडून ठरवा, अशी विनंती आधीच करून ठेवा म्हणजे वासा हातचं जायचं नाही. सहा म्हणजे सहा. पाच मिनिटं आधी पोहोचून कोपऱ्यावर थांबणारे लोक मी पाहिलेत. कुणी घरी बोलावलं तर दारातच बूट काढा, आपल्याला सवय आहेच; फुलं किंवा पुण्याहून आणलेली मिठाई न्या. सगळे मिळून बाहेर गेलात तर आपापले पैसे आपण द्यायचे, आग्रहाने दुसऱ्याचं बिल भरायला गेलात तर तो अवघडतो. टिप सक्तीची नाही. रात्रीच्या जेवणाला सेवा चांगली वाटली तर पाच-दहा टक्के, दुपारी काहीच नाही.

दारूचा हिशेब वेगळा. साडेतीन टक्क्यांवरची दारू दुकानातून न्यायची तर सिस्तेमबूलागेत ही सरकारी दुकानं. शनिवारी दुपारीच ती बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. रेस्टॉरंटमध्ये मिळते, पण बिल पाहून घ्या. जेवताना फक्त नळाचं पाणी मागितलं तरी कुणी नाक मुरडत नाही. ते पाणी उत्तम असतं आणि फुकट.

पैशांबद्दल एवढंच: रोख बदलून नेऊ नका. कित्येक दुकानं, संग्रहालयं, अगदी स्वच्छतागृहंसुद्धा रोख घेत नाहीत. युरो चालत नाही, चलन क्रोनर आहे. आपलं यूपीआय नाही आणि स्थानिक लोक वापरतात ते स्विश स्वीडिश बँक खात्याशिवाय मिळत नाही. आपल्याकडच्या बँकांच्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय बहुधा बंदच ठेवलेली असते. ती अ‍ॅपमधून पुण्यात असतानाच सुरू करा. विमानतळावर पोहोचून ओटीपीची वाट पाहत बसलेले लोक दर मोसमात भेटतात. टॅक्सी घ्यायचीच तर मागच्या खिडकीवरचं पिवळं लेबल वाचा. प्रत्येक कंपनीचा दर वेगळा असू शकतो, कायद्याने सरकारी दर नाही, आणि लेबलावर तुलनेसाठी छापलेला आकडा दुसऱ्यांच्या दुप्पट दिसला तर सरळ पुढची गाडी पाहा.

आता शनिवार. उजेड आठ तासांपेक्षा कमी, तेव्हा आठलाच बाहेर पडा. गामला स्तान, म्हणजे जुनं शहर, सकाळी आठ ते साडेनऊ पाहावं. दुकानं बंद, दगडी फरसबंदी ओली, गल्ल्यांत चिटपाखरू नाही. दहानंतर तिथे प्रवासी गट आणि शिंगांची प्लास्टिक शिरस्त्राणं विकणारी दुकानं. स्तूरतोर्येत चौकात रंगीत उंच घरं आहेत. १५२० मध्ये याच चौकात डॅनिश राजाने स्वीडनच्या ऐंशीच्या वर सरदार-धर्मगुरूंची मुंडकी उडवली. पलीकडे मोर्तेन त्रोत्सिग गल्ली आहे, सर्वांत अरुंद जागी ९० सेंटिमीटर. समोरून कुणी आलं तर एकाने मागे यावं लागतं. राजवाड्याजवळच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात शहरातला सर्वांत छोटा पुतळा शोधा: चंद्राकडे पाहत बसलेला जेमतेम १५ सेंटिमीटरचा लोखंडी मुलगा. थंडी सुरू झाली की कुणीतरी त्याला विणलेली टोपी आणि मफलर घालून जातं. डोकं लोकांनी हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलंय.

तिथून चालत सिटी हॉल. आत फक्त गाईडबरोबर सोडतात, इंग्रजी फेरी साधारण पाऊण तासाची. १९२३ चं बांधकाम, लाल विटांचं. दरवर्षी १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते तो 'निळा हॉल' निळा नाहीच. वास्तुकार रागनार ओस्तबेर्ग विटांवर निळा रंग देणार होता, पण उघड्या विटा आवडल्या म्हणून तशाच ठेवल्या आणि नाव तेवढं चिकटलं. पदकं मात्र इथे देत नाहीत, ती हो-तोर्येतच्या कॉन्सर्ट हॉलमध्ये. मुंबईत जन्मलेल्या आणि आईकडून मराठी असलेल्या अभिजित बॅनर्जींनी २०१९ साली धोतर नेसून अर्थशास्त्राचं पारितोषिक घेतलं ते तिथेच, त्यांच्या सहविजेत्या पत्नी एस्थर डुफ्लो साडीत. साहेबांना तिथे फोटो हवा असतो, असा माझा अनुभव आहे.

दुपारी बोट. बहुतेक लोक दोन तासांच्या महागड्या जलसफरीचं तिकीट काढतात. तुमच्या पासवर स्लुसेनहून यूरगोर्डेनला जाणारी ८२ नंबरची फेरी आणि नीब्रूप्लानहून निघणारी ८० नंबरची बोट, दोन्ही चालतात. ८० नंबरची बोट ही रोजची लोकल आहे. सायकली, बाबागाड्या, भाजीच्या पिशव्या घेऊन लोक चढतात. तिने नाका स्ट्रांडपर्यंत जाऊन परत आलात तर द्वीपसमूहाचं तोंड दिसतं. पुढची हजारो बेटं पाहायला मात्र उन्हाळ्यात यावं लागेल.

अडीचला सोदरमाल्मवर मोन्तेलियुसवेगेन या पायवाटेवर पोहोचा. कड्यावरची अर्ध्या किलोमीटरची वाट, समोर मेलारेन सरोवर, सिटी हॉलचा मनोरा, आणि सूर्य खाली येत असलेला. आकाश ढगाळ असेल तर काहीच दिसणार नाही. मग सरळ वेते-काटेनला जा आणि दुसरा कार्देमुमाबुले मागवा. फळ्या-पायऱ्यांवर गारठ्याने निसरडं होतं, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेत. ऑफिसचे चामडी बूट ऑफिसातच. कपडे एकावर एक पातळ थर असे घाला, कारण आत सगळीकडे वीस-बावीस अंश असतं. पाय आणि कान सांभाळले की बाकीचं निभतं.

अब्बाचं संग्रहालय मी सुचवत नाही. गाणी पाठ असतील तर जा, नसतील तर पैसे जास्त वाटतात. स्कान्सेन हे १८९१ चं उघड्यावरचं संग्रहालय सुंदर आहे, पण नोव्हेंबरच्या मध्यात अर्धी घरं बंद आणि नाताळचा बाजार अजून लागलेला नसतो. वेळ उरला तर हामनगातानवरच्या एनके दुकानाच्या नाताळी खिडक्या बघा, साधारण याच सुमाराला त्या उघडतात आणि लहान मुलांची नाकं काचेला चिकटलेली असतात.

रविवारी दुपारचं विमान, म्हणजे सकाळी लांब कुठे जाऊ नका. आर्लांडा शहरापासून ४० किलोमीटर. आर्लांडा एक्सप्रेस १८ मिनिटांत नेते आणि कंपनी पैसे देत असेल तर तीच घ्या. स्वतःच्या खिशातून जायचं तर बस पाऊण तासात नेते. सात दिवसांचा पास शिल्लक असेल आणि घाई नसेल तर लोकलने मेर्स्ता, तिथून ५८३ नंबरची बस. विमानतळाच्या खालच्या लोकल स्टेशनाला मात्र वेगळा आकार पडतो, तो पासात धरलेला नसतो.

ऑफिसात वाटायला काय आणावं, हेही लोक विचारतात. क्नेकेब्रोदची गोल पाकिटं टिकतात, पण बॅगेत मोडतात. वजनावर मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांचे डबे प्रत्येक सुपरमार्केटात असतात आणि शनिवारी तिथे लहान-मोठ्यांची झुंबड असते. त्यातल्या पुष्कळांत जिलेटिन असतं, म्हणून साहेबांसाठी साधं चॉकलेट घ्या. काळ्या रंगाच्या, पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराच्या गोळ्या दिसल्या तर पुढे सरका. ती खारट ज्येष्ठमधाची गोळी, आत नवसागर. स्वीडिश माणसं मुठीने खातात, आपल्याकडे अजून एकानेही ती गिळलेली मी पाहिलेली नाही.